घंटेवाचून वळलेली मान

सभागृहातल्या खुर्च्या केव्हाच भरून गेल्या होत्या. उशिरा आलेली मंडळी भिंतींना पाठ टेकून उभी होती, काही जण रांगांमधल्या गालिच्यावर मांडी घालून बसले होते, आणि दारांच्या चौकटींत एकमेकांच्या खांद्यांवरून माना उंचावल्या जात होत्या. व्यासपीठावर एका बुटक्या स्टुलावर माझी मुलगी बसली होती. तिच्या मांडीवर, तिच्या दोन्ही बाहूंच्या कुशीत, तिसरे वर्ष सरत आलेली माझी नात होती. पोरीला एका जागी स्थिर बसणे ठाऊक नसल्यामुळे आम्ही तिला भिंगरी म्हणतो. जन्मापासून तिला ऐकू येत नाही.

त्या दोघींच्या पाठीमागे, दोघींनाही दिसणार नाहीत अशा बेताने, नादमहर्षी उभे होते. अंगात रेशमी सदरा आणि त्यावर डॉक्टरी कोट, म्हणजे श्रद्धाळूंनी सदरा पाहावा आणि शिकलेल्यांनी कोट. त्यांनी पितळी घंटा डावीकडे नेली आणि एकदाच वाजवली.

भिंगरीने डावीकडे मान वळवली आणि ती खुदकन हसली.

घंटा उजवीकडे गेली. भिंगरी उजवीकडे वळली. सभागृहातून एक दीर्घ, ओला निःश्वास निघाला. तिसऱ्या खेपेस घंटा पुन्हा उजवीकडेच वाजली, तेव्हा पोर जराही न फसता उजवीकडेच वळली आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की छताला टांगलेले दिवे थरथरले. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाने चष्मा काढून डोळे पुसले.

वाचकांस वाटेल की ही भोळ्याभाबड्या, अडाणी माणसांची गर्दी असावी. तसे नव्हते, आणि हेच सांगण्यासाठी मी लेखणी उचलली आहे. त्या सभागृहात गळ्यात नावाची पट्टी अडकवून बसलेला प्रत्येक जण श्रवणतज्ज्ञ होता. ज्यांना आपण ऑडिओलॉजिस्ट म्हणतो, जे कानाची चाचणी घेतात, श्रवणयंत्रे बसवतात, बहिऱ्या मुलांना बोलते करतात, ते हे लोक. त्यांच्या व्यवसायाचा नियम असा की दरवर्षी ठरावीक तास नवे शिक्षण घेतल्यावाचून परवान्याचे नूतनीकरण होत नाही. नियम उत्तम आहे. पण दाराशी ठेवलेल्या यंत्राला गळ्यातली पट्टी दाखवली की तो तास खात्यावर जमा होतो, आणि यंत्राला आत काय शिकवले जाते याचे सोयरसुतक नसते. अशाच एका वार्षिक शिक्षणवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘मातृस्पर्श-नादोपचार : बधिरतेवर शस्त्रक्रियेविना मात’ हे सत्र छापून आले होते.

“मित्रहो,” नादमहर्षींनी घंटा छातीशी धरली, “श्रवण कानाने होतंच नाही! कान काय आहे? दरवाजा! अहो, दरवाजा गंजला म्हणून कुणी घर पाडतं का? बाळ नऊ महिने आईच्या पोटात ऐकत असतं. ती नादनाडी मरत नाही, ती झोपते! आईच्या स्पर्शातून क्वांटम कंपनं तिच्यात उतरली की ती खडबडून जागी होते. आणि तुम्ही काय करता? त्या कोवळ्या कवटीत यंत्र ठोकता! हा चमत्कार नाही बरं का. हे विज्ञान आहे. चमत्कार म्हणणाऱ्यांची मला कीव येते.”

लोक हसले. वहीत लिहून घेणाऱ्यांनी ‘क्वांटम’ या शब्दाखाली रेघ ओढली असावी.

मी पुढच्या रांगेत बसलो होतो. माझ्या शेजारी एक वृद्ध प्राध्यापिका होत्या. पुढचे सत्र त्यांचे होते, विषय ‘लहान मुलांची श्रवणचाचणी : मूलभूत उजळणी’, आणि त्यासाठी आणलेली यंत्राची पेटी त्यांच्या मांडीवर होती. सभागृहातले निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी. ते त्यांना कडकबाई म्हणत, आणि त्यांचे सत्र सुरू झाले की चहाकॉफीच्या टेबलाकडे सटकत. वयोमानाने बाईंना स्वतःलाच दोन्ही कानांमागे श्रवणयंत्रे लागली होती. नादमहर्षी नादनाडीवर आले तेव्हा बाईंनी हळूच दोन्ही यंत्रांच्या कळा दाबल्या.

“काही बिघाड?” मी खुणेने विचारले.

“बंद केली,” त्या म्हणाल्या. “बॅटरी कशाला वाया घालवायची?” मग मान न वळवता त्यांनी विचारले, “पोर तुमची कोण?”

मी बोटाने स्वतःकडे आणि मग व्यासपीठाकडे दाखवले. त्यांनी कळा पुन्हा दाबल्या.

“नात,” मी म्हणालो.

“एवढा टाळ्यांचा गडगडाट झाला, तिची पापणीसुद्धा हलली नाही. पाहिलंत?”

“पाहिलं,” मी म्हणालो.

“तुमची मुलगी फार घट्ट, फार मायेनं धरते तिला.”

“आई आहे ती.”

“हो ना,” बाई म्हणाल्या. “तेच मला खुपतंय.”

येथे थोडे मागचे सांगणे अवश्य आहे. भिंगरी वर्षाची झाली तेव्हा झोपेत तिच्या मस्तकाला तारा लावून बेरा नावाची चाचणी केली गेली. आवाजाला मेंदू काय उत्तर देतो, हे त्यात उमटते. दोन्ही कानांकडून उत्तर जवळजवळ आलेच नाही. श्रवणयंत्रे लावून पाहिली, तीही निष्फळ ठरली. तेव्हा शल्यविशारदांनी आणि भिंगरीला तपासणाऱ्या एका तरुण श्रवणतज्ज्ञाने एकमुखाने सांगितले की कानाच्या आत यंत्र बसवण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट, करावी आणि लवकर करावी. कारण आवाज ओळखण्याची विद्या मेंदू पहिल्या काही वर्षांतच सहजी शिकतो, पुढे ते दार हळूहळू मिटत जाते.

तारीख मिळाली. माझे जावई बोटीवर अभियंता आहेत, वर्षातला बराच काळ पाण्यावर असतात. निर्णय घेण्यास मुलगी एकटी होती. शस्त्रक्रियेची तिला फार धास्ती होती. त्या दिवसांत कुणीतरी तिला नादमहर्षींचा व्हिडिओ पाठवला, आणि ती तारीख तिने सोडून दिली.

मग घरी रोज अभ्यास सुरू झाला. नादमहर्षींची आज्ञा अशी: बाळाला मांडीवर घ्यावे, कुणीतरी मागून घंटा वाजवावी, आणि ज्या बाजूला वाजेल त्या बाजूच्या हाताने आईने बाळाला मायेने दाबावे, बाळ वळले की त्या बाजूला रंगीत बाहुली दाखवावी. काही आठवड्यांनी आज्ञा बदलली. आता दाबायचे नाही, नुसते धरायचे. “आता नाद आपला आपण उतरेल.” आणि खरोखरच भिंगरी वळू लागली. माझी मुलगी आनंदाने हुंदके देऊन रडली होती त्या दिवशी.

एवढ्यावर भागले असते तर ती घरातली गोष्ट राहिली असती. पण त्याच तरुण श्रवणतज्ज्ञाने आपल्या दवाखान्यात पुन्हा चाचणी घेतली. तिथेही भिंगरी आईच्या मांडीवर होती, तिथेही ती आवाजाच्या दिशेने वळली, आणि ‘लक्षणीय सुधारणा’ असा अहवाल झाला. तोच आलेख आज व्यासपीठामागच्या पडद्यावर माणसाहून मोठा होऊन झळकत होता, आणि त्याच्या बाजूला ती तरुणी साक्षीला उभी होती.

रांगेत नाव राहिल्यामुळे मिळालेली शस्त्रक्रियेची दुसरी तारीख पुढच्या आठवड्यात होती. रुग्णालयाने त्याच संध्याकाळपर्यंत होकार-नकार कळवायला सांगितले होते. नकार आला तर ती जागा रांगेतल्या दुसऱ्या मुलाला जाणार होती, आणि आम्ही पुन्हा रांगेच्या शेवटी. सत्र संपले की फोन करून नकार द्यायचा, हे मुलीने ठरवले होते. सकाळी गाडीत आमचे बोलणे झाले होते.

“बाबा, तुमचं तर्कशास्त्र कपाटात ठेवा. माझी पोर वळते. मी रोज डोळ्यांनी बघते.”

“वळते हे मीही पाहतो, पोरी. कशामुळे वळते ते मला दिसत नाही.”

“म्हणजे तुम्हाला ती बहिरीच राहायला हवीय का?”

जन्मभर मी विद्यार्थ्यांना न्यायशास्त्र, म्हणजे आपले जुने तर्कशास्त्र, शिकवले. या प्रश्नाला उत्तर देण्याची सोय त्या शास्त्रात मला सापडली नाही. 

सभागृहात आता प्रश्नोत्तरे चालू होती. प्रश्न म्हणजे बहुतेक स्तुतीच. प्रशिक्षण कुठे मिळेल, प्रमाणपत्र भिंतीवर लावण्याजोगे असते का, मोठ्या माणसांसाठी आई कुठून आणायची. या शेवटच्या प्रश्नावर नादमहर्षी प्रसन्न हसले, “पत्नी चालते!” आणि हशा उसळला.

कडकबाई उठल्या. हशा तिथल्या तिथे विरला. जुन्या विद्यार्थ्यांची सवय मोडत नाही.

“महर्षी, माझी एक विनंती आहे. हाच प्रयोग पुन्हा एकदा करू या. फक्त आईच्या कानांना हेडफोन लावू. त्यात मी पावसासारखी खरखर सोडेन, म्हणजे तिला घंटा ऐकू येणार नाही. बाकी सगळं तुमचंच. घंटा तुमची, स्टूल तुमचं.”

“अशक्य!” महर्षींचा हात कोटाच्या गुंडीवर गेला. “आईचे कान झाकले की नादबंध तुटतो. हे म्हणजे वीज घालवून दिवा लावायला सांगण्यासारखं आहे.”

“बाळाचे कान उघडे आहेत की. ऐकायचंय बाळाला.”

“बाई, तुमची पिढी यंत्रांच्या पलीकडे—”

“घाला हेडफोन,” माझी मुलगी म्हणाली.

सारे तिच्याकडे पाहू लागले. ती हसत होती. तो निर्भय, उजळ चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

“घाला, मॅडम. माझी पोर ऐकते. मला कशाची भीती? उलट सगळ्यांची खात्री होऊन जाऊ दे एकदाची.”

बाईंनी पेटी उघडली. मुलीच्या कानांवर हेडफोन बसवताना त्यांनी तिचे केस अलगद मागे केले, जसे आपल्याच लेकीचे करावेत. खरखर सुरू झाली. घंटा त्यांनी तरुण श्रवणतज्ज्ञाच्या हाती दिली आणि त्या दोघींच्या मागे उभे राहायला सांगितले.

घंटा डावीकडे वाजली.

भिंगरी समोर बसलेल्या कुणाच्या तरी गळ्यातली चकाकणारी पट्टी पाहण्यात दंग होती. ती पाहतच राहिली.

घंटा उजवीकडे वाजली. मग अधिक जोराने. मग तरुणीने ती पोरीच्या कानामागे एवढी जवळ नेऊन वाजवली की पहिल्या रांगेत माझ्या दातांना झिणझिण्या आल्या. भिंगरीने पाय झुलवले, जांभई दिली.

 तेवढ्यात माझी मुलगी, खरखर ऐकणाऱ्या माणसाचा आवाज जसा चढतो तशा चढ्या आवाजात, आनंदाने म्हणाली,

“वाजवा की आता! कधी वाजवणार?”

 तरुणीच्या हातातली घंटा खाली आली. मी माझ्या जागेवरून उठलो आणि पुन्हा बसलो. उठून कुठे जायचे, हे मला उमगेना.

“मी सांगितलंच होतं!” नादमहर्षींना आता कंठ फुटला. “आईला ऐकू येईना, नादबंध तुटला. याने माझंच म्हणणं सिद्ध होतं.”

“असेल,” बाई म्हणाल्या. “मग आता आईलाच ऐकवू. घंटा कुणी वाजवायची नाही.”

त्यांनी खरखर बंद केली. तरुणी घंटेची जीभ मुठीत धरून उभी राहिली. बाईंनी यंत्रावरची एक कळ दाबली. आम्हांला काहीही ऐकू आले नाही. पण माझ्या मुलीच्या डाव्या कानात, फक्त तिच्याच कानात, घंटेसारखा एक नाद उमटला असला पाहिजे, कारण तिची नजर क्षणभर स्थिरावली.

आणि भिंगरीने डावीकडे मान वळवली. तेच हसू हसली.

“बघा!” माझी मुलगी ओरडली. तिचे डोळे भरून आले. “बघितलंत? वळली! वळली माझी सोनी!”

सभागृहातल्या प्रत्येकाने पाहिले होते, आणि घंटा वाजली नव्हती हेही प्रत्येकाला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते माझ्या मुलीला एकटीला. ती एकेका चेहऱ्याकडे पाहत होती, कुणी तरी आपल्यासोबत हसेल म्हणून. लोक नजर चुकवत होते. तिचे हसू कसे कसे मावळत गेले, त्याचे वर्णन करण्याची माझी शक्ती नाही.

नादमहर्षी मात्र संधी सोडणारे नव्हते. “प्रत्यक्ष प्रमाण! आईने ऐकलं आणि बाळात उतरलं! क्वांटम दुसरं काय असतं?”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी मुलीच्या कानांवरचे हेडफोन काढले, भिंगरीला उचलले आणि स्वतः गालिच्यावर बसून तिला मांडीवर घेतले, जशी आई घेई तशीच. मग आपली श्रवणयंत्रे काढून पेटीवर ठेवली.

“आता घंटा नाही. आईही नाही. आणि माझे कानही नाहीत,” त्या म्हणाल्या. “नीट बघा.”

त्यांचा डावा हात किंचित आवळला. पुढच्या रांगेतून मला तो आवळलेला जेमतेम दिसला. भिंगरी डावीकडे वळली. उजवा हात आवळला. भिंगरी उजवीकडे वळली, हसली, आणि बाहुली कुठे आहे ते शोधू लागली.

आमच्या शास्त्रात यास उपाधी म्हणतात. अग्नी आहे म्हणून धूर आहे असे आपण म्हणतो, पण धूर ओल्या लाकडामुळे असतो. लाल तापलेल्या लोखंडात अग्नी असूनही धूर नसतो. खरे कारण असे आड दडून बसते आणि मान भलत्यालाच मिळतो. त्यास उघडे पाडण्याचा मार्ग एकच: एकेक गोष्ट काढून घेऊन पाहावे. नाद होता आणि हात गप्प होते, तेव्हा मान वळली नाही. नाद नव्हता आणि हात हलला, तेव्हा वळली. मी हे आयुष्यभर फळ्यावर लिहिले. त्या दिवशी ते माझ्या लेकराच्या मानेवर लिहिलेले वाचले.

बाईंनी यंत्रे पुन्हा कानांमागे अडकवली. मुलगी स्टुलावरून उतरून त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली होती.

“मी दाबत नव्हते,” ती म्हणाली. “सुरुवातीला सांगितलं होतं तेव्हा दाबायचे. नंतर नाही. शप्पथ घेऊन सांगते, मी नुसती धरायचे.”

“मला ठाऊक आहे, बाळ.”

“मी खोटं नाही बोलत हो.”

“तू खोटं बोललीच नाहीस. कुणालाच कळत नाही ते. ती वळावी म्हणून तुझा सगळा जीव गोळा झालेला असतो. घंटा ऐकली की तो जीव हातांत येतो. केसभर. तिला तेवढा पुरतो. कानांनी काही मिळत नाही ना, म्हणून अंगानं ती फार बारकाईनं शिकते.” बाईंनी तिचे दोन्ही हात हातांत घेतले. “म्हणून तर चाचणीच्या वेळी आईला हेडफोन लावतात. अविश्वास म्हणून नाही. आई आहे म्हणून.”

मग त्यांनी मान वर करून तरुणीकडे पाहिले. “तू लावले होतेस?”

तरुण श्रवणतज्ज्ञाचा चेहरा पांढराफटक पडला होता. “नाही, बाई. हिच्या आईला ते नको वाटत होते. आणि…” तिला हुंदका आवरेना. “आणि मलाही वाटत होतं की तिनं ऐकावं. मी तिला ओळखते ना. मला इतकं वाटत होतं.”

“वाटणारच,” बाई म्हणाल्या. त्यांचा स्वर कडक नव्हता. “ज्या दिवशी वाटेनासं होईल त्या दिवशी हा धंदा सोड. पण वाटत असतं म्हणूनच हेडफोन लावायचे असतात. हेच मी दरवर्षी सांगते, आणि तुम्ही कॉफी पीत असता.”

नादमहर्षींनी ‘वातावरणातील अश्रद्ध लहरीं’विषयी काही वाक्ये उच्चारली, घंटा बटव्यात घातली आणि ते बाजूच्या दाराने निघून गेले. प्रारंभी हात दाबायला सांगणारा आणि मग न दाबायला सांगणारा तो माणूस, मान कशाने वळते हे पहिल्या दिवसापासून जाणत होता. त्याची कीव करण्याचे कारण मला दिसत नाही. विलक्षण हे की त्याच्यामागे चारदोन पदवीधर माणसे त्याचा पत्ता घ्यायला धावलीच. उरलेले दाराशी रांगेत उभे राहिले, यंत्राला पट्टी दाखवली, आणि ज्या तासाला त्यांनी असत्यासाठी टाळ्या वाजवल्या तो तासही ज्ञान म्हणून त्यांच्या खात्यावर जमा झाला.

मुलीने त्या संध्याकाळी रुग्णालयाला फोन केला. “आम्ही येतोय,” एवढेच ती म्हणाली. फोन ठेवल्यावर ती आपले हात पाहत बसली. भिंगरी तिच्या मांडीवर चढू लागली तेव्हा तिने तिला उचलून माझ्याकडे दिले.

“बाबा, तुम्ही घ्या तिला जरा.”

“का ग?”

“मला नाही धरवत.”

शस्त्रक्रिया निर्विघ्न झाली. जखम भरल्यावर यंत्र चालू केले गेले. त्यानंतरची पहिली चाचणी कडकबाईंनी स्वतः घेतली. भिंगरीला एका छोट्या खुर्चीवर एकटीलाच बसवले होते. मुलगी भिंतीशी दूर, हेडफोन लावून, हात पाठीमागे बांधून उभी होती. आवाज सोडला गेला. पडद्यावर यंत्र सांगत होते की तो कानाच्या नसेपर्यंत पोहोचतो आहे. पोरीने काहीतरी अनुभवले. तिचा चेहरा गोंधळला. पण ती कुठेही वळली नाही. तिने आपले दोन्ही इवलेसे हात मागे नेले आणि ती हवेत चाचपू लागली. आईचे हात शोधत होती. कोणत्या बाजूला वळायचे ते तिला आजवर त्या हातांनीच सांगितले होते, आणि आता ते नव्हते.

भिंतीशी उभ्या माझ्या मुलीने डोळे मिटून घेतले. पण ती जागची हलली नाही. तिच्या आयुष्यातले सर्वांत मोठे वात्सल्य त्या न हलण्यात होते, असे मी मानतो.

आज भिंगरी थोडे ऐकते. चारसहा शब्द बोलते, तेही घरच्यांनाच कळतील असे. तिच्याच वयाची, पहिल्याच तारखेला शस्त्रक्रिया झालेली एक मुलगी त्याच दवाखान्यात येते, ती बडबडून डोके उठवते. तिची आई तिला “जरा गप्प बस ग बाई” म्हणते, तेव्हा माझी मुलगी खिडकीशी जाऊन उभी राहते. त्या दोन तारखांमध्ये जे गेले त्यातले किती परत मिळेल, असे मी बाईंना विचारले होते. त्या म्हणाल्या, “प्रयत्न करू.” त्यांना खोटे बोलता येत नाही.

वाचकहो, माझी आपणांस विनंती अगदी साधी आहे. कुणी आपल्या मुलाला ऐकू येऊ लागल्याचे, दिसू लागल्याचे, चालू लागल्याचे दाखवील, तर आधी विचारा की मुलाला धरले कुणी आहे. ज्याने धरले आहे त्याला उत्तर ठाऊक नसतानाही मूल तसेच करते का, ते पाहा. आपणच धरले असेल तर हात सोडा आणि दूर उभे राहा. दाखवणारा रेशमी सदऱ्यात असो वा डॉक्टरी कोटात, हा एकच प्रश्न त्याला विचारा. प्रामाणिक माणूस रागावणार नाही. आणि श्रवणतज्ज्ञांनो, उजळणीच्या वर्गात बसून राहा.

परीक्षेअंती मूल वळले नाही, तर रडून घ्या. मन हलके होईपर्यंत रडा. पण त्याच दिवशी उपचाराची तारीख मागा. ऐकू येत नाही हे जोवर आपण मान्य करत नाही, तोवर त्या मुलाच्या कानी एकही शब्द पोहोचत नाही.